परत न येणारं तूप

देवाला दाखवलेला नैवेद्य परत येतो. पाण्याचं मंडल काढून त्यावर ताट ठेवायचं, तुळशीच्या पानानं पाणी फिरवायचं, डोळे मिटायचे, आणि पाचव्या मिनिटाला तेच ताट घरातल्या कुणाच्या तरी पुढ्यात. वाढवलेल्या नारळाची खिरापत होते, अभिषेकाच्या दुधाचं तीर्थ होतं, सत्यनारायणाचा शिरा तर शेजाऱ्यापाजाऱ्यांत पुरवून पुरवून वाटावा लागतो. देवाशी चाललेला आपला हा व्यवहार फिरता आहे, आणि त्यात गोडवाही आहे. या फेऱ्यातून सुटलेली एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे होमात सोडलेलं तूप. उरलेला चरू हुतशेष म्हणून खाल्ला जातो, राख कपाळाला लागते. पण जे पळीतून ज्वाळेवर पडलं ते गेलं. ते कुणाच्याच वाट्याला येत नाही.

होमहवन ही आध्यात्मिक उन्नतीची साधना आहे का, असं विचारलं की हल्ली धुराबद्दल, मंत्रांच्या कंपनांबद्दल, ‘पॉझिटिव्ह एनर्जी’बद्दल बरंच ऐकायला मिळतं. या परत न येण्याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते अग्निकर्मात साधना म्हणावं असं जे काही आहे ते इथेच आहे, आणि गेली दीडशे वर्षं होमाची बाजू मांडणाऱ्यांनीच ते झाकून टाकलं आहे.

या बाबतीत सगळ्यांत स्पष्ट बोलले ते वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणारे मीमांसक. गंमत म्हणजे आज आपण ज्याला अध्यात्म म्हणतो त्याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांची व्याख्या अगदी कोरडी आहे. देवतेला उद्देशून आपल्या मालकीच्या वस्तूवरचा हक्क सोडणं म्हणजे याग. हक्क सोडलेली ती वस्तू अग्नीत टाकली की होम. दान त्यांनी यापासून वेगळं काढलं. दानात आपली मालकी संपते आणि दुसऱ्याची सुरू होते. यागात आपली संपते, एवढंच. मग देवता मालक होते की नाही? जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य लिहिणारा शबरस्वामी सरळ नाही म्हणतो. ज्या वस्तूचा मनाला येईल तसा विनियोग करता येतो ती आपली. देव असं काही करताना दिसत नाही, त्यामुळे ‘देवाचं गाव’, ‘देवाचं शेत’ ही नुसती बोलायची रीत. देव हवी खातात हेही त्याला मान्य नाही. देवांनी सार शोषून घेतलं म्हणून नैवेद्याचं अन्न बेचव होतं, असं म्हणणाऱ्याला त्यानं दिलेलं उत्तर मला फार आवडतं: अन्न वाऱ्यावर राहिलं, गार झालं, की बेचव होणारच. यज्ञाला जिवापाड जपणारा हा माणूस देव जेवतो असं मानायला मात्र तयार नव्हता.

याचा परिणाम काय होतो ते बघा. दान दिलं की घेणाऱ्याचा चेहरा दिसतो, आभार मिळतात, देणगी मोठी असेल तर भिंतीवर संगमरवरी पाटी लागते. होमात समोर कुणीच नाही. ज्वाळा क्षणभर वर उसळते आणि खाली बसते. चांगुलपणाचा जो एक सूक्ष्म मोबदला दानात नकळत मिळत राहतो, तोही इथे मिळत नाही. मीमांसक अर्थात इथे थांबले नाहीत. स्वर्गाची इच्छा असलेल्यानं यज्ञ करावा, कर्मातून ‘अपूर्व’ निपजतं, त्यातून पुढे फळ मिळतं, अशी जोडणी त्यांनी करून ठेवली. तरी त्यांच्याच वर्गीकरणात नित्यकर्म नावाचा एक कप्पा आहे. ते करून विशेष काही मिळवायचं नसतं. चुकवलं तर मात्र दोष. अग्निहोत्र हे त्याचं ठळक उदाहरण. सकाळी सूर्याला आणि संध्याकाळी अग्नीला एकेक आहुती, दोन्ही वेळा दुसरी प्रजापतीला, द्रव्य मुख्यतः दूध, आणि मुदत आयुष्यभर.

आता दीडशे वर्षांची गोष्ट. 1875 साली स्वामी दयानंद पुण्यात आले, त्यांची व्याख्यानं झाली, रानडे आणि त्यांच्या मित्रमंडळींनी त्यांची मिरवणूक काढली. मूर्तिपूजा नाकारणाऱ्या दयानंदांनी होम मात्र ठेवला, नुसता ठेवला नाही, घरोघरी रोज करायला सांगितला. ‘सत्यार्थप्रकाशा’त त्यांना प्रश्न विचारला जातो की तूप जाळून नासण्यापेक्षा कुणाला खायला का घालू नये. त्यांचं उत्तर असं की पदार्थविद्या कळली असती तर हे विचारलंच नसतं. कुठलंही द्रव्य नष्ट होत नाही; अग्नीत पडून ते सूक्ष्म होतं, वाऱ्याबरोबर पसरतं, दुर्गंध घालवतं, हवा शुद्ध करतं. त्या काळाच्या मानानं युक्तिवाद हुशारीचा होता. विज्ञान शिकून आलेल्या तरुणापुढे होम टिकवायचा तर असंच काहीतरी सांगावं लागणार होतं. पण त्यात सौदा असा झाला की तूप वाया जात नाही हे सिद्ध करताना तूप सुटलंय हेही नाहीसं झालं. जे हवा शुद्ध करायला वापरलं ते सोडलं कसं म्हणायचं? ते तर कामाला लावलं.

तेव्हापासून हीच वाट मळत गेली. सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोटच्या शिवपुरीतून गजानन महाराजांनी अग्निहोत्राचं जे सुटसुटीत रूप दिलं, ते मला खरोखर मोलाचं वाटतं. पिरॅमिडच्या आकाराचं तांब्याचं छोटं पात्र, गाईच्या शेणाच्या गोवऱ्या, तूप लावलेले चिमूटभर अखंड तांदूळ, नेमक्या सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला दोन-दोन आहुत्या. गुरुजी लागत नाहीत, जात विचारली जात नाही, बाई-पुरुष कुणीही करावं. त्यांचे शिष्य वसंत परांजपे यांनी ते अमेरिकेपर्यंत नेलं. मात्र त्याच्या प्रचारातला मोठा भाग जंतुनाशन, पिकांची वाढ आणि हवेची शुद्धी यांनी भरलेला असतो. कुठलंही ज्वलन प्राणवायू खातं, ते तो निर्माण करत नाही. शेणाच्या गोवरीचा धूर छातीला बाधतो हे चुलीपुढे आयुष्य काढलेल्या कुठल्याही आजीला विचारावं. त्या धुरातून बायकांची सुटका व्हावी म्हणून 2016 साली उज्ज्वला योजना आली आणि घरोघरी सिलिंडर पोहोचवायला सुरुवात झाली. तोच धूर दिवाणखान्यात आला की औषधी ठरतो, हे काही पटत नाही. दोन आहुत्यांच्या धुरानं कुणाचं मोठं नुकसान होत नाही हेही खरं, पण मग फायद्याचं तरी कशाला बोलावं?

आणि समजा उद्या एखाद्या प्रयोगशाळेनं दाखवून दिलं की होमाच्या धुरानं खरंच जंतू मरतात. त्यानं साधकाचं काय साधलं? जंतू मारायचं यंत्र बाजारात मिळतं, हप्त्यानंही मिळतं. सूर्योदयाची वेळ मात्र बाजारात मिळत नाही. मुंबईत ती जूनमध्ये सहाच्या सुमारास असते, जानेवारीत सव्वासाताला जाते, रोज मिनिट-अर्ध्या मिनिटानं सरकते. आपल्या सोयीनं जिम ठरवता येते, ध्यानाचं ॲप रात्री अकरालाही लावता येतं. अग्निहोत्र करणाऱ्याला रोज आपलं वेळापत्रक दुसऱ्याच कुणाच्या तरी ताब्यात द्यावं लागतं. माझ्या हिशेबी तुपाआधीची आहुती ही.

आता आपल्याकडच्या वास्तुशांतीत डोकावू. नवा फ्लॅट, व्हिट्रिफाइड टाइल्स. टाइल तडकू नये म्हणून खाली वाळू, वाळूवर विटा, विटांवर पत्र्याचं होमकुंड. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सुरू, खिडक्या सताड उघड्या. सोवळं नेसलेला यजमान लाकडी पळीनं वाटीतलं तूप उचलतो आणि ‘स्वाहा’ ऐकू आलं की सोडतो. यजमानीण त्याच्या हाताला हात लावून बसलेली. मेव्हणा शूटिंग करतोय. नवग्रहांच्या समिधा क्रमानं जातात: रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, औदुंबर, शमी, मग राहूच्या दूर्वा आणि केतूचे दर्भ. ‘हे माझं नाही’ असं सांगणारं त्यागाचं वाक्य दर आहुतीला यजमानानं म्हणायचं असतं. पुरोहितानं मंत्र म्हणावा, आहुती टाकावी, पण त्याग मालकाच्याच तोंडून व्हायला हवा, कारण हक्क त्याचा. प्रत्यक्षात काय होतं? सुरुवातीलाच गुरुजी यजमानाच्या हातावर पाणी घालतात आणि जमवलेलं सगळं हवनद्रव्य ज्या त्या देवतेला दिलं असा एकगठ्ठा त्याग करवून ताम्हनात पाणी सोडायला लावतात. शास्त्रात याची सोय आहे, म्हणून चूक म्हणता येत नाही. पण पुढचे दोन तास यजमानाकडे करायला उरतं ते फक्त पळी हलवणं. संपूर्ण विधीत ज्या एका क्षणी त्याला काहीतरी करायचं होतं, तो क्षण त्याला न कळताच ताम्हनात गेला.

मग ते तूप. पूजासाहित्याच्या दुकानात ‘पूजेचं तूप’ नावाचा डबा मिळतो. खायच्या तुपापेक्षा स्वस्त. उलटा करून बारीक अक्षरं वाचली तर ते खाण्यासाठी नाही असं स्वच्छ लिहिलेलं असतं. कठोपनिषदाची सुरुवात आठवा. वाजश्रवसानं सर्वस्व देऊन टाकायचा यज्ञ मांडला आणि दक्षिणेला ज्या गाई काढल्या त्या शेवटचं गवत खाऊन, शेवटचं पाणी पिऊन, शेवटचं दूध देऊन बसलेल्या. पोरगं कासावीस झालं ते त्या गाई बघून, आणि तिथून नचिकेत्याची गोष्ट यमाच्या दारापर्यंत गेली. आपण खाणार नाही ते तूप अग्नीला घालणारा यजमान त्या वाजश्रवसाच्या पंगतीतला. सोडण्यासारखं काही हातात असावं लागतं, ही सगळ्या होमाची पहिली अट; ती दुकानातच मोडते.

इथे कुणी विचारील, आणि विचारायलाच हवं, की भुकेल्या देशात तूप जाळायचं कशाला. प्रश्न जुना आहे. चार्वाकांनी अग्निहोत्राला बिनडोक लोकांचं पोट भरायचं साधन म्हटलं, आपल्याकडे महात्मा फुल्यांनी भटभिक्षुकीच्या अर्थकारणाचा हिशेबच मांडला. त्या टीकेतलं बहुतेक मला मान्य आहे. वर्गणी काढून, मांडव घालून, शेकडो कुंडांत मणामणानं तूप ओतायचं, व्यासपीठावर पुढाऱ्यांना बसवायचं, आणि ध्वनिक्षेपकावर पावसाची नाहीतर विश्वशांतीची ग्वाही द्यायची, या प्रकाराचं समर्थन करायला मी बसलेलो नाही. तिथे कुणी काही सोडत नाही. तूप वर्गणीचं, नाव आयोजकाचं. सार्वजनिक महायज्ञात त्यागाची बेरीज होते असं वाटतं. होतो तो भागाकार. पण दिवसाला दोन चमचे तूप भुकेल्याच्या तोंडचा घास काढून घेतं, हा आरोप ज्या घरात लग्नाच्या पंगतीत निम्मं अन्न टाकलं जातं त्या घरानं करू नये. उलट स्वतःचं म्हणून काही रोज सोडायची ज्याला सवय आहे त्याला भुकेल्यासाठी सोडणं अवघड जाऊ नये. जुन्या घरातल्या वैश्वदेवाची रचनाच तशी होती: शिजलेल्या भाताचे चार घास अग्नीला, मग गाईला, कावळ्याला, दारी आलेल्या अतिथीला, आणि त्यानंतर घरच्यांची पानं. ती रचना गेली आणि अग्नीचा भाग तेवढा वास्तुशांतीपुरता उरला, हे आपलं दुर्दैव.

दुसरा आक्षेप आतल्यांचा आहे, आणि तो जास्त भारी. मुंडकोपनिषदानं यज्ञांना फुटक्या, डळमळत्या होड्या म्हटलं. कौषीतकीत प्रतर्दनाच्या नावानं आतलं अग्निहोत्र सांगितलं: बोलताना माणूस प्राण वाणीत होमतो, श्वास घेताना वाणी प्राणात, जागेपणी-झोपेत ही आहुती अखंड चालूच आहे. छांदोग्यानं जेवणाच्या पहिल्या घासांनाच प्राणाहुती ठरवलं, आणि शाळेत डबा उघडण्यापूर्वी हात जोडून श्लोक म्हणणारं मराठी पोरही जेवण हे नुसतं पोट भरणं नाही, यज्ञ आहे, हे घोकत मोठं होतं. गीतेनं द्रव्ययज्ञापेक्षा ज्ञानयज्ञ श्रेष्ठ ठरवला. ज्ञानेश्वरांनी स्वधर्मालाच नित्ययज्ञ म्हटलं आणि शके 1212 मध्ये नेवाशाला आपला ग्रंथ पुरा करताना त्याला वाग्यज्ञ हे नाव दिलं. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीता सांगताना विनोबांनी आपण सृष्टीची जी झीज करतो ती भरून काढणं म्हणजे यज्ञ, असा अर्थ लावला. इतक्या मोठ्या माणसांनी अग्नी आत नेऊन ठेवल्यावर बाहेर कुंड पेटवायचं कारण काय?

याचं उत्तर मला शतपथ ब्राह्मणातल्या एका संवादात सापडतं. जनक याज्ञवल्क्याला विचारतो, अग्निहोत्र जाणतोस का? जाणतो, दूध. दूध नसेल तर? तांदूळ आणि जव. ते नसतील तर? इतर धान्यं. तीही नसतील तर? रानातल्या वनस्पती. त्याही नसतील तर? झाडाची फळं. तीही नसतील तर? पाणी. पाणीही नसेल तर? तेव्हा याज्ञवल्क्य म्हणतो की मग इथे काहीच नसणार, तरीही होम झालाच असता: श्रद्धेत सत्याचा. जनक खूष होऊन त्याला शंभर गाई देतो. हा संवाद सांगताना बहुतेक जण शेवटच्या पायरीवर उडी मारतात: बघा, शेवटी सत्य आणि श्रद्धा हाच खरा यज्ञ! पण जनक दर वेळी विचारतो ते ‘नसेल तर’ असं. ‘कंटाळा आला तर’ असं नाही. दूध घरात असताना सत्यश्रद्धेचा होम सांगायला याज्ञवल्क्य गेला नाही. आतला यज्ञ सांगणारे हे सगळे बाहेरच्या यज्ञात मुरलेले होते, पळीतून तूप सुटतानाचा हात त्यांच्या ओळखीचा होता. आपण मात्र ‘आमचा मनातला यज्ञ’ म्हणतो तेव्हा बहुधा एवढंच सांगत असतो की काही सोडायचा विचार नाही.

अग्निकर्मात आणखी एक गोष्ट शिकायला मिळते, तिच्याकडे फ्रिट्स स्टाल या अभ्यासकानं लक्ष वेधलं, जरी त्याला म्हणायचं होतं ते वेगळंच. एप्रिल 1975 मध्ये केरळात पांजाळ गावी नंबुद्री वैदिकांनी बारा दिवसांचं अग्निचयन केलं. त्याची नोंद, चित्रीकरण, पुढे दोन खंडांचा ग्रंथ असं सगळं स्टालच्या पुढाकारानं झालं. हजाराहून जास्त विटांची पक्ष्याच्या आकाराची वेदी रचली गेली, बोकडांऐवजी केळीच्या पानात बांधलेलं तांदळाचं पीठ वापरलं गेलं, आणि शेवटी सगळा मंडप अग्नीला दिला. स्टालचं निदान असं की विधीला अर्थ नसतो, असतात ते नियम. करणारा माणूस कृती बिनचूक करण्यात इतका गुंतलेला असतो की अर्थाचा विचार त्याच्या मनात येत नाही. अनेक श्रद्धाळूंना याचा राग आला. मला वाटतं साधनेच्या अंगानं पाहिलं तर ही तक्रार नाहीच, प्रशस्तिपत्र आहे. दोन-तीन तास स्वतःबद्दल, फळाबद्दल, अर्थाबद्दलही न बोलणारं मन! आणि या बिनचूकपणाचा अहंकार चढू नये म्हणून प्रत्येक होमाच्या शेवटी प्रायश्चित्ताच्या आहुत्या ठेवलेल्या आहेत: जे कमी झालं, जास्त झालं, कळून चुकलं, न कळता चुकलं, त्या सगळ्याबद्दल. कितीही जाणकार ऋत्विज असोत, या आहुत्या वगळता येत नाहीत. चूक झाली का, असं विचारायचंच नाही. झालीच आहे असं धरून चालायचं.

एवढं करून माणूस सुधारतो का? खात्री कोण देणार. आपल्या भाषेत तापट माणसाला जमदग्नी म्हणतात, आणि जमदग्नी तर ऋषी होता, दारात होमधेनू असलेला. चाळीस वर्षं अग्नी सांभाळून भावाशी वाटणीचा खटला लढणारी माणसंही समाजात दिसतात. सोडण्याचा सराव हा सरावच. तो कुंडाबाहेर न्यायचा की नाही हे ज्याचं त्यानं पाहायचं. होमाकडून मी एवढीच अपेक्षा धरतो की त्यानं निदान खोटी आशा दाखवू नये.

अधिकाराचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. अग्नी सांभाळायला पत्नी अपरिहार्य, आणि तिच्या वाट्याला काम हाताला हात लावण्याचं. छत्रपती शाहूंना वेदोक्त मंत्र नाकारले गेले, 1899 पासून कोल्हापुरात पेटलेलं ते प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. सोडणं हीच साधना असेल तर ती करायचा हक्क जन्मावर कसा ठरेल? ज्याच्याकडे स्वतःचं असं काही आहे तो सोडू शकतो. साकोरीला उपासनी महाराजांच्या कन्याकुमारी स्थानात कन्या कित्येक दशकं वेदमंत्रांसह यज्ञ करत आल्या आहेत. पुण्यात 1970च्या दशकात शंकर सेवा समितीच्या थत्ते मामांनी बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं. आज या पुरोहित बायका घरोघरी होम चालवतात आणि यजमानिणीला नुसतं हात लावून बसवत नाहीत.

ओळखीच्या एका गुरुजींशी मागे या विषयावर बोलणं झालं. होमसंख्या शास्त्रात आठ, अठ्ठावीस, एकशेआठ, एक हजार आठ अशी कितीही धरता येते. मी त्यांना म्हटलं, गुरुजी, अठ्ठावीसच धरा, पण तूप घरी कढवलेलं आणायला सांगा, आणि दर आहुतीला त्याग यजमानांच्या तोंडून म्हणवून घ्या. तुम्ही थांबा त्यांचं होईपर्यंत. ते म्हणाले, “कल्पना चांगली आहे हो, पण अठ्ठावीस आहुत्यांची दक्षिणा किती सांगू?” एक हजार आठची सांगा, मी म्हटलं. ते हसले, आणि अकरा वाजता दुसरीकडे गणहोम आहे म्हणून स्कूटरची किल्ली शोधायला लागले.